सांदोमिएश: वाऱ्याने आणलेल्या मातीवरचं गाव

पोलंडच्या आग्नेय भागात, वॉर्सापासून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, विस्तुला नदीच्या डाव्या काठाला सांदोमिएश आहे. स्पेलिंगच्या शेवटी आर आणि झेड दिसतात. ही जोडी पोलिश भाषेत 'झ'सारखी म्हणतात आणि ती शब्दाच्या शेवटी आली की तिचा 'श' होतो. वस्ती पंचवीस हजारांच्या आत. जुनं गाव एका तासात पायी पालथं घालता येतं. एकेकाळी मात्र हे पोलंडच्या राज्याच्या मुख्य गाद्यांपैकी एक होतं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोलंडच्या सगळ्यात जुन्या बखरीत क्राकूफ आणि व्रोत्सवाफच्या बरोबरीने सांदोमिएशचं नाव घेतलेलं आहे.

गावाची माहिती देताना बहुतेक जण राजांपासून सुरुवात करतात. इथे मात्र मातीपासून सुरुवात केली तर पुढचं सगळं पटापट उलगडतं: टेकडी, घळी, तळघरं, त्यांच्यातली श्रीमंती आणि १९६०च्या दशकात अख्खं गाव खचायची वेळ का आली ते.

लोएस म्हणजे काय

हिमयुगात युरोपच्या उत्तरेला बर्फाची जाड चादर होती. तिच्या पुढच्या उजाड मैदानावरून कोरडे वारे वाहायचे आणि बारीक धूळ उचलून दक्षिणेला आणून टाकायचे. हजारो वर्षं ही धूळ साचत गेली आणि फिकट पिवळ्या मातीचे जाड थर बनले. या मातीला लोएस म्हणतात. तिचा बहुतेक कण ०.०१ ते ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड. हे कण वाऱ्याने अलगद ठेवलेले, पाण्याने किंवा बर्फाने दाबलेले नाहीत. त्यामुळे एकमेकांना जेमतेम टेकून राहिलेले असतात. ढेकळाचा जवळजवळ अर्धा भाग नुसती पोकळी असते. कण जिथे टेकतात तिथे चुन्याचा आणि चिकणमातीचा बारीकसा सांधा असतो, आणि सगळी ताकद त्या सांध्यात.

कोरडं लोएस हे बांधकामाच्या दृष्टीने एक आश्चर्यच. फावड्याने, अगदी कुदळीशिवायही खणता येतं, आणि खणलेली भिंत सरळ उभी राहते. जुन्या गवताच्या मुळांच्या उभ्या नळ्या त्या मातीत राहिलेल्या असतात, त्यामुळे ती फुटते तीही उभ्या रेषेत. म्हणून लोएसमध्ये रस्ता कापताना कडा उतरती ठेवली तर पावसाने धुऊन जाते आणि सरळ उभी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. इतर मातीत शिकलेला माणूस इथे हमखास चुकतो.

हीच माती भिजली की चित्र पालटतं. सांधे मऊ होतात आणि पोकळ रचना स्वतःच्याच वजनाने खाली बसते. चहात खारी बुडवल्यावर जे होतं तेच. वरून जादा भार टाकायचीही गरज नसते, पाणी पुरतं.

जुनी टेकडी आणि मंगोल

आजचा चौक ज्या टेकडीवर आहे तिथे गाव नंतर आलं. आधीच्या वस्तीचा मोठा भाग थोडा नैऋत्येला, संत याकूबच्या टेकडीच्या बाजूला होता. पोलंडचा राज्यकर्ता ड्यूक बोलेस्वाफ तिसरा ११३८मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रानुसार राज्य मुलांत वाटलं गेलं आणि पुढे सांदोमिएश स्वतंत्र जहागिरीचं मुख्य ठाणं झालं. विस्तुलेचा उतार, पश्चिमेला क्राकूफ, पूर्वेला कीव्हकडे जाणारी वाट, असा हा व्यापारी नाका होता.

त्या काळातली एक वस्तू मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी. संत याकूबच्या टेकडीवर उत्खनन करताना १९६२मध्ये बुद्धिबळाचा जवळजवळ पूर्ण संच सापडला. शिंगाच्या कोरीव सोंगट्या, दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या, काळ अकरावं-बारावं शतक. चेहरे नाहीत, घोड्याला मान नाही, सगळे आकार भूमितीय. अरब प्रदेशात खेळाच्या सोंगट्या अशाच बनत. त्या घाटाच्या संचांत युरोप ज्याला बिशप म्हणतं त्या सोंगटीच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात: ते हत्तीचे सुळे. चतुरंगातला हत्ती इराण आणि अरब देश ओलांडून तिथवर पोचला तो सुळ्यांसकट. आपण आज त्याच सोंगटीला उंट म्हणतो आणि हत्ती कोपऱ्यात उभा करतो, म्हणजे आपल्याकडेही जनावरांची अदलाबदल झालेलीच आहे. हा संच किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे.

डोमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंना १२२६मध्ये इथे आणलं ते क्राकूफचा बिशप इव्हो ओद्रोवाँश याने. त्यांचं संत याकूबचं चर्च पोलंडमधल्या सगळ्यात जुन्या विटांच्या चर्चपैकी एक आहे. तोवर तिथे महत्त्वाच्या इमारती दगडात होत. या साधूंचा संबंध इटलीशी असल्याने विटेची कला त्यांच्या ओळखीची होती. चर्चला गेलात तर आधी उत्तरेकडच्या दरवाजाची चौकट बघा. भाजलेल्या मातीच्या पट्ट्यांमध्ये वेणी, पानं आणि गाठींची नक्षी आहे, आणि एकाच साच्यातून काढलेले तुकडे पुन्हा पुन्हा कसे जुळवलेत ते जवळून कळतं.

मंगोलांची पहिली स्वारी १२४१च्या फेब्रुवारीत झाली. दुसरी १२५९-६०च्या हिवाळ्यात, आणि ती जास्त घातक ठरली. बखरींप्रमाणे किल्ल्यातल्या लोकांना अभयाचं वचन देऊन बाहेर काढलं आणि मग कापून काढलं. संत याकूबच्या मठातला प्रमुख सादोक आणि त्याचे ४८ साथीदार मारले गेले असं परंपरा सांगते. चर्च मनात असं रंगवू नका की आज दिसतं तसंच ते सादोकने पाहिलं. नंतरच्या शतकांत त्याला पुष्कळ हात लागले आहेत.

१२८६ची सनद आणि अरुंद भूखंड

सगळं जळाल्यावर गाव नव्याने वसवायचं ठरलं. लेशेक चार्नी, म्हणजे काळा लेशेक, या ड्यूकने १२८६मध्ये माग्देबुर्ग कायद्याची सनद दिली आणि नवी वसाहत आजच्या टेकडीवर आखली गेली.

माग्देबुर्ग कायदा हे नाव पोलंडच्या प्रत्येक जुन्या गावात ऐकू येतं, तर तो थोडक्यात समजून घेऊ. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराने आपला कारभार कसा चालवायचा याचे नियम बनवले आणि पूर्व युरोपातले राजे तो नमुना आपल्या गावांना लावू लागले. सनद मिळाली की गावकरी राजाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालून निघून स्वतःच्या न्यायालयाखाली येत. वसाहत उभी करणाऱ्या माणसाला प्रमुखाचं पद मिळे, बहुतेकदा वंशपरंपरागत. दंडाचा आणि भाड्याचा काही हिस्सा त्याच्या घरात जाई. वतन म्हटलं तर आपल्याला पटकन समजेल. नव्या रहिवाशांना पहिली काही वर्षं करमाफी. पुढे नगरमंडळ आणि पंचांचं न्यायालय अशी दोन मंडळं उभी राहत.

त्या कायद्याबरोबर आखणीही येई. मधोमध चौक, पोलिशमध्ये 'रिनेक'. त्याच्या कोपऱ्यांतून निघणारे सरळ रस्ते आणि चौकाकडे तोंड करून लागलेले भूखंड. सांदोमिएशचा रिनेक एका बाजूला चांगलाच उतरता आहे. मैदानावरच्या गावासाठी बनवलेली चौकट टेकडीवर बसवली की असं होतं.

आता अडचण बघा. चौकाला तोंड असलेली जागा म्हणजे दुकानाची जागा, म्हणून प्रत्येकाला ती हवी. मग भूखंड दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे लांबलचक निघाले. घर वाढवायचं तर डावी-उजवीकडे शेजारी. वर मजले चढवायला पैसा आणि लाकूड लागतं, आणि लाकडाला आग लागते. विस्तुलेवरून धान्य, वाइन, मध, कापड, मीठ येत-जात होतं आणि माल ठेवायला थंड, कोरडी, चोरापासून सुरक्षित जागा हवी होती. खाली मऊ, कोरडं, स्वतःच उभं राहणारं लोएस. त्यामुळे व्यापारी खाली गेला.

आधी घराखाली एक तळघर, मग त्याच्याखाली दुसरं, काही ठिकाणी तिसरं. मग बाजूला, चौकाच्या खालीसुद्धा. वर हद्दीची रेषा होती, खाली अंधार होता. हळदीची पेवं पाहिलेल्या माणसाला ही कल्पना नवी वाटणार नाही, फक्त इथे पेवाऐवजी पायऱ्या असलेली दालनं आहेत. काही दालनांना विटांची कमान दिली, काही नुसती खणून ठेवली. पैसा असेल तसं.

खणताना पाळायची एक गोष्ट जुन्या खोदणाऱ्यांना नेमकी माहीत होती: छत सपाट ठेवायचं नाही. सपाट छताचा मधला भाग सुटून पडतो आणि कमानीचा आकार आला की पडणं थांबतं. मातीने पाडून करायचं ते आधीच खणून ठेवलेलं बरं. म्हणून जुनी दालनं अरुंद आणि वर गोलसर आहेत.

तट, दरवाजा आणि नेढं

चौदाव्या शतकात पोलंडचा राजा थोरल्या काझिमिएशने गावाला तटबंदी घातली. पोलंडमध्ये म्हण आहे की त्याला लाकडाचा देश मिळाला आणि त्याने तो दगडा-विटांचा करून ठेवला. मुख्य दरवाजे चार होते, त्यातला एकच उभा आहे: उत्तरेचा ओपातूफ दरवाजा. सुमारे ३० मीटर उंच. विटांचं काम गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं, पण माथ्यावरची मुकुटासारखी नक्षीदार भिंत सोळाव्या शतकात चढवलेली आहे, तेव्हा फोटोखाली 'मध्ययुगीन' लिहिताना वरचा भाग वगळून लिहावं. आत कमानीखाली उभ्या खाचा दिसतात. वरून खाली सोडायचं लोखंडी जाळीदार दार या खाचांतून सरकत असे. वर चढून गेलं की गाव, नदी आणि पलीकडचं सपाट मैदान एका नजरेत येतं, आणि गावासाठी टेकडी का निवडली ते विचारायची गरज उरत नाही.

तटात आणखी एक छोटी दिंडी शिल्लक आहे. डोमिनिकन साधू गावातल्या मठातून संत याकूबकडे ये-जा करायला ती वापरत. पोलिश नाव 'उखो इगिएल्ने', शब्दशः सुईचा कान. सुदैवाने मराठीत त्याला बरोबर शब्द आहे: नेढं. गडांवर फिरणाऱ्यांनी नैसर्गिक नेढी पुष्कळ पाहिली असतील, इथलं माणसाने बांधलेलं. एका वेळी एक-दोन माणसं जातील इतकीच वाट, आणि शत्रूच्या बाजूने पाहिलं तर हाच तिचा उपयोग.

रिनेकच्या मध्ये रातुश, म्हणजे नगरभवन. गाभा चौदाव्या शतकातला, सोळाव्या शतकात वाढवलेला, बुरूज सतराव्यातला. छपराच्या कडेने जी कोरीव भिंत वर आलेली दिसते तिला आटिका म्हणतात. शोभेची दिसते, पण तिला कामही होतं. घराचं लाकडी छप्पर तिच्या आड लपे आणि शेजारच्या आगीच्या ठिणग्या थेट छपरावर येत नसत. दक्षिणेच्या भिंतीवरचं सूर्यघड्याळ मात्र जुनं नाही. ते १९५८चं, तादेउश प्शिपकोव्स्की यांनी केलेलं.

तिथून कॅथेड्रलकडे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चकडे, जाताना द्वुगोशचं घर लागतं. यान द्वुगोश हा पंधराव्या शतकातला पोलंडचा मोठा इतिहासकार. राजपुत्रांचा शिक्षकही होता. १४७६मध्ये त्याने हे विटांचं घर कॅथेड्रलमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या पुरोहितांसाठी बांधून दिलं. १९३७पासून तिथे धर्मप्रांताचं संग्रहालय आहे. लुकास क्रानाख थोरल्याचं एक चित्र तिथे आहे, एवढ्या लहान गावाच्या मानाने मोठीच गोष्ट.

कॅथेड्रलचं बांधकाम १३६०मध्ये काझिमिएशनेच सुरू केलं. तेव्हा ते कॅथेड्रल नव्हतं, तो दर्जा १८१८मध्ये मिळाला. आत शिरताना डोळे सोनेरी बरोक वेद्यांवर जातात, पण थांबायचं ते वेदीजवळच्या भिंतींवरच्या चित्रांपुढे. चर्च कॅथलिक, बांधणी पश्चिम युरोपची गॉथिक, आणि भित्तिचित्रं मात्र बायझंटाइन-रुथेनियन, म्हणजे ऑर्थोडॉक्स पूर्वेची. हे कसं झालं? राजा व्वादिस्वाफ यागिएवो हा लिथुआनियाचा. पोलंडच्या राणी याद्विगाशी लग्न करण्यासाठी तो कॅथलिक झाला, पण त्याची आई ऑर्थोडॉक्स होती आणि त्याच्या डोळ्याला सवय त्या चित्रांची. त्याने पंधराव्या शतकात रुथेनियन चित्रकार लावून पोलंडच्या कॅथलिक चर्चच्या भिंती पूर्वेच्या शैलीत रंगवून घेतल्या. शतकानुशतकं ती चित्रं झाकली गेली होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उजेडात आली. गॉथिक कमानींच्या टोकदार फासळ्यांमध्ये बायझंटाइन चौकटी कशा कोंबून बसवल्यात ते पाहण्यासारखं आहे. तिथे चित्रकाराची अडचण स्पष्ट दिसते.

त्याच कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कारोल द प्रेव्हो याने काढलेली हुतात्म्यांची मोठी तैलचित्रं आहेत: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक मरण, अगदी कॅलेंडरासारखं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. त्यांच्यातलं एक चित्र ज्यूंनी ख्रिस्ती मुलाचा बळी दिल्याचा आरोप दाखवतं. हा आरोप धडधडीत खोटा. पण त्याच्यावरून सांदोमिएशमध्ये १६९८ आणि १७१०च्या दशकात खटले चालले आणि निरपराध माणसं मारली गेली. खटल्यांमागे असलेल्या पाद्र्यानेच ही चित्रं काढवून घेतली होती. २००६मध्ये ते चित्र झाकण्यात आलं आणि २०१४मध्ये, असे प्रकार कधीच घडले नव्हते असं सांगणाऱ्या फलकासह, पुन्हा उघडलं. गावातलं अठराव्या शतकातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आज सरकारी अभिलेखागार आहे. ज्यांच्यासाठी ते बांधलं होतं त्यांना जर्मनांनी १९४२ आणि १९४३मध्ये बेऊझेत्स आणि त्रेब्लिंका इथल्या मृत्युछावण्यांत नेऊन मारलं.

किल्ल्याची एकच बाजू

किल्ला शोधताना माणूस गोंधळतो, कारण दिसतो तो राजवाड्याचा एक तुकडा. मूळ किल्ला काझिमिएशच्या काळातला, सोळाव्या शतकात मोठा केलेला. स्वीडिश सैन्याने पोलंड व्यापला तेव्हा हाही त्यांच्याकडे गेला. १६५६मध्ये माघार घेताना त्यांनी तो दारूने उडवला. आत शिरलेले पुष्कळ पोलिश लोक त्यात गेले. बोबोला नावाचा सरदार स्फोटाने उडून विस्तुलेच्या पलीकडे पडला आणि जिवंत राहिला, अशी कथा आहे. प्रेव्होने ती कॅथेड्रलमध्ये रंगवलीसुद्धा आहे. पश्चिमेची बाजू तेवढी उरली. राजा यान सोबिएस्कीने तिची दुरुस्ती केली, पुढे एकोणिसाव्या शतकात तिथे तुरुंग झाला आणि तो १९५९पर्यंत चालला. आता संग्रहालय आहे.

स्वीडिश युद्धाच्या आधी, १५७०मध्ये, या गावात एक वेगळी घटना घडली होती. लुथरन, कॅल्व्हिनवादी आणि बोहेमियन बंधू या तीन प्रॉटेस्टंट गटांनी एकमेकांचे धर्मविधी मान्य करण्याचा करार इथे केला. बाकी युरोपात हेच गट एकमेकांवर तुटून पडत असताना झालेला म्हणून हा करार अभ्यासकांना अजून महत्त्वाचा वाटतो.

१७७२मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि विस्तुलेचा पलीकडचा काठ ऑस्ट्रियाकडे गेला. व्यापारी गावाचं अंगणच सरहद्द झालं. १८०९च्या लढायांत उपनगरं जळाली. पुढे रशियाच्या अमलात गाव मागे पडत गेलं. गावात पैसा नव्हता, म्हणून जुनं पाडून नवं बांधायलाही कोणी आलं नाही. १९४४च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या महायुद्धाची आघाडी इथूनच सरकली तरी जुनं गाव वाचलं. सोव्हिएत कर्नल स्कोपेन्कोने मुद्दाम लढाई बाजूला वळवली असं गावात सांगतात. तो पुढच्या जानेवारीत मारला गेला, पुरला मात्र इथे.

गाव खचू लागलं तेव्हा

युद्धातून वाचलेल्या गावाला शांततेत धोका निर्माण झाला. १९५० आणि ६०च्या दशकांत घरांना तडे जाऊ लागले, जमिनीत अचानक खड्डे पडू लागले, टेकडीच्या उतारावर माती सरकू लागली.

कारण समजून घ्यायला तळघरांचं पुढे काय झालं ते बघावं लागेल. व्यापार बुडाल्यावर खालच्या मजल्यांचा उपयोग संपला. जळालेल्या घरांचा राडारोडा त्यांत लोटला गेला, तोंडं बुजली, घरं हात बदलत गेली आणि खाली नेमकं काय आहे ते कोणालाच ठाऊक राहिलं नाही. पोकळी नुसती राहिली असती तर कदाचित अजून शतकभर टिकली असती, कारण माती कोरडी होती. पण विसाव्या शतकात नळ आले, गटारं आली, रस्त्यांवर जड गाड्या आल्या. नळाचा एखादा सांधा गळतो, कोणाला कळत नाही. पाणी मातीतल्या उभ्या नळ्यांतून सरळ खाली उतरतं आणि बरोबर तळघराच्या छतावर पोचतं.

पुढचं क्रमाने असं घडतं. छताजवळचं लोएस भिजून बसतं, एक थर सुटून खाली पडतो. पोकळी आता एक पाऊल वर सरकली. तिच्या नव्या छताला पुन्हा ओल लागते, पुन्हा थर पडतो. कठीण खडकात अशी पोकळी काही काळाने आपोआप थांबते, कारण फुटलेला खडक जास्त जागा व्यापतो आणि खालची पोकळी भरून टाकतो. लोएस मुळातच अर्धं पोकळ. पडून भिजलं की दाबलं जातं आणि आधीपेक्षा कमी जागा घेतं. म्हणून पोकळी भरत नाही, वर वर चढत राहते. वर काहीच दिसत नाही, आणि एक दिवस फरसबंदीखाली हातभर माती उरते. मग गाडी गेली काय किंवा पाऊस पडला काय.

घराचा तडा पाहून वर सिमेंट भरणं हा त्यामुळे सगळ्यात निरुपयोगी उपाय ठरतो. तडा भिंतीत दिसतो, दोष पाच-दहा मीटर खाली असतो, आणि मूळ कारण शेजारच्या गल्लीतला नळ असू शकतो.

म्हणून गावाने बांधकामवाल्यांऐवजी खाणवाले बोलावले. क्राकूफच्या खाण आणि धातुशास्त्र अकादमीचे तज्ज्ञ आले आणि खाणकामगार खाली उतरले. अशा कामाचा क्रम चुकवून चालत नाही. आधी पाहणी: माहीत असलेल्या प्रत्येक तळघरात उतरून मोजमाप, राडारोडा काढणं, आणि माहीत नसलेल्या पोकळ्यांसाठी वरून छिद्रं घेणं. मग पाणी: गळके नळ आणि गटारं बदलणं, पावसाचं पाणी टेकडीबाहेर नेणं. हे आधी झालं नाही तर पुढची सगळी मेहनत वाया, कारण नवं अस्तर घातलं तरी त्यामागची माती भिजत राहते. त्यानंतर प्रत्येक पोकळीचा निकाल. जी धोकादायक आणि जपण्याजोगी नाही ती पूर्ण भरायची. भरताना वरच्या कोपऱ्यात थोडी जरी जागा राहिली तरी तिथूनच पुन्हा पडझड सुरू होते. जी जपायची तिला आतून विटांचं किंवा काँक्रीटचं अस्तर द्यायचं. अस्तर आणि माती यांच्यात फट उरली तर मातीला टेका मिळत नाही, म्हणून ती फट पातळ मिश्रण दाबाने सोडून भरतात. शेवटी वरच्या घरांचे पाये आणि टेकडीचे उतार.

जपलेली काही तळघरं खाणवाल्यांनी नव्या बोगद्यांनी एकमेकांना जोडली, आणि त्यातून आजचा भूमिगत मार्ग तयार झाला: सुमारे ४७० मीटर लांब, ३४ दालनं, सगळ्यात खोल जागा जमिनीखाली सुमारे १२ मीटर. आत शिरायचं ओलेशनित्स्की रस्त्यावरून, बाहेर यायचं रातुशपाशी. वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. पाऊण तास धरा. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, अंगावर काहीतरी जाड ठेवा. चालताना भिंती बघत राहिलं तर विटांचं जुनं काम कुठे संपतं आणि खाणवाल्यांचं कुठे सुरू होतं ते ओळखता येतं. जुन्या विटेचे सांधे वेडेवाकडे, नव्या जोडबोगद्यांची रुंदी सगळीकडे सारखी.

आत हालिना नावाच्या मुलीची गोष्ट सांगतात: तिने मंगोलांना फसवून भुयारात नेलं आणि मागून तोंड बंद झालं. ऐकायला छान आहे. पण मंगोलांची मोठी स्वारी १२६०ची आणि ही टेकडी सनदेने आखली गेली १२८६मध्ये. व्यापाऱ्यांची तळघरं मुख्यतः त्यानंतरच्या शतकांतली.

चालायचं कसं

ओपातूफ दरवाजापासून सुरुवात करून उतारावरून खाली येत जाणं पायांना सोपं: दरवाजा, रिनेक, भुयार, द्वुगोशचं घर, कॅथेड्रल, किल्ला. नेढ्यासाठी मध्येच वाट वाकडी करा. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी गर्दी असते, कारण पोलंडमधली एक लोकप्रिय टीव्ही मालिका इथे चित्रित होते आणि तिचे चाहते तिच्यातल्या सायकलवरच्या पाद्र्याच्या शोधात येतात. २०१०मध्ये विस्तुलेचा बांध फुटून गावाचा उजव्या काठाचा भाग बुडाला होता. टेकडीवरच्या जुन्या गावाला पुराचा त्रास झाला नाही.

संत याकूबजवळून राणी याद्विगाच्या घळीत उतरता येतं. साधारण अर्धा किलोमीटर लांब, काठ ठिकठिकाणी दहा मीटरपर्यंत उंच. अशा घळी गाड्यांच्या वाटांतून बनतात. चाकांनी माती भुगा होते, पावसाचं पाणी ती वाहून नेतं, वाट दर वर्षी थोडी खोल जाते आणि काठ सरळ उभे राहतात. झाडांची मुळं भिंतीतून बाहेर लोंबकळत असतात. मोठ्या पावसानंतर दोन दिवस तरी इथे जाऊ नका, ओले काठ न सांगता सुटतात. कोरड्या दिवशी गेलात तर भिंतीत मुळांच्या उभ्या नळ्या शोधा, आणि पायथ्याशी बटाट्याएवढे पांढरट, ओबडधोबड खडे सापडतात का बघा. स्थानिक लोक त्यांना लोएसच्या बाहुल्या म्हणतात. वरच्या थरातला चुना पाण्यात विरघळून खाली झिरपतो आणि तिथे असा गोळा होऊन बसतो.